जिप्सीला मागचा डिफ लॉकर: एअर की ऑटोमॅटिक?

मंडळी, मागच्या डिफरन्शियलला लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक) बसवायचा आहे, मदत हवी आहे. गाडी मारुती जिप्सी, १.३ लिटर, फोर बाय फोर, दोन्ही डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारे गिअर) ओपन, म्हणजे लॉक नसलेले. पावसाळ्यात मुळशी-मावळच्या चिखलात चढावर मागचं एक चाक चरात गेलं की दुसरं हवेत गरगर फिरत राहतं. ओपन डिफमध्ये दोन्ही चाकांना टॉर्क (फिरवणारा जोर) सारखाच, त्यामुळे जमिनीवरच्या चाकालाही जवळपास काहीच मिळत नाही. चाक पूर्ण उचललं गेलं तर क्लचवाली एलएसडीही (चाकांच्या वेगातला फरक मर्यादित ठेवणारं डिफरन्शियल) फारशी कामाची नाही, म्हणून ती बाद.

एअर लॉकर बटणावर लागतो, एरवी डिफ ओपन; मन तिकडेच ओढतंय. पण कॉम्प्रेसर, हवेची नळी, क्राउन-पिनियनचा (डिफच्या मुख्य गिअरजोडीचा) बॅकलॅश, म्हणजे दातांमधली फट, नव्याने सेट करणं, असा सगळा पसारा येतो. ऑटोमॅटिक, म्हणजे आपोआप लागणारा-सुटणारा लंचबॉक्स लॉकर जुन्याच केसमध्ये स्पायडर गिअरच्या (डिफच्या आतल्या छोट्या गिअरच्या) जागी बसतो आणि स्वस्तही पडतो. धास्ती वेगळीच आहे: जिप्सीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) आखूड, त्यात घाटातल्या ओल्या डांबरावर वळताना लॉकर मध्येच लागला-सुटला तर मागची बाजू फेकली जाईल का? घरचे याच गाडीतून फिरतात, त्यामुळे इथे तडजोड नको.

कुणी जिप्सीत लंचबॉक्स लॉकर वापरलाय का? ॲक्सल शाफ्ट टिकले का? आणि पुण्याच्या आसपास बॅकलॅश डायल गेज (बारीक फट मोजणारं मीटर) लावून सेट करणारा मेकॅनिक माहीत असेल तर जरूर कळवा.