पेपरबॅक म्हणजे उद्याची रद्दी? हे वाचून राहवलं नाही

पातळ_पुठ्ठा:
‘घरात कायमची ठेवायची पुस्तकं हार्डकव्हरच हवीत, पेपरबॅक म्हणजे उद्याची रद्दी,’ असं जाड_पुठ्ठा यांनी काल ठणकावलं आणि खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. उत्तर लांबलंय, आधीच सांगतो.

पुस्तक टिकतं ते पुठ्ठ्याच्या जोरावर नाही. आधी कागद, मग बांधणी, मग तुम्ही ते ठेवता कुठे, आणि सगळ्यात शेवटी पुठ्ठा. आजची कितीतरी हार्डकव्हरं आतून पेपरबॅकच असतात. पानांच्या गठ्ठ्याची पाठ कापायची, खरवडायची, गरम ग्लू फासायचा आणि वर दिमाखदार पुठ्ठा चढवायचा. कण्याच्या टोकाशी रंगीत पट्टी दिसली की लोक खूश, ‘शिलाई आहे!’ अहो, ती पट्टी मीटरवर मिळते, बहुतेकदा नुसती चिकटवलेली असते. शिलाई बघायची तर मिटलेलं पुस्तक वरून बघा. दुमडलेल्या फर्म्यांच्या (एकत्र घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांच्या) कमानी दिसतात का? मग एखादा फर्मा बरोबर मधोमध उघडा. दोरा दिसला तर शिवलेलं, नाहीतर पुठ्ठ्याचे पैसे गेले.

शिवाय वाचायचं कोण? उताणं पडून छातीवर धरता येतं ते पेपरबॅक. १९३५ मध्ये इंग्रज प्रकाशक अ‍ॅलन लेननं पेंग्विनची पेपरबॅकं काढली ती लोकांनी वाचावीत म्हणून, दिवाणखान्याला शोभा यावी म्हणून नाही.

जाड_पुठ्ठा:
मी दोन ओळी लिहिल्या, तुम्ही प्रबंध लिहिलात. आजोबांनी घेतलेले शब्दकोशाचे खंड माझ्याकडे आहेत. दोनदा घर बदललं, एकदा छत गळलं. पुठ्ठे फुगले, कापड डागाळलं, आत एक पान हललं नाही. त्याच फळीवरची माझी कॉलेजातली पेपरबॅकं? लगदा. आता मला कमानी मोजायला शिकवा.

पातळ_पुठ्ठा:
खंड शिवलेले होते म्हणून वाचले. माझाच मुद्दा सिद्ध केलात, आभार.

जाड_पुठ्ठा:
पुठ्ठा फुगला म्हणून पानं वाचली! पाणी त्यानं अंगावर घेतलं, तुमच्या दोऱ्यानं नाही.

तळटीप:
दोघांचं चालू द्या, पण पेपरबॅकचा जन्म १९३५ चा नव्हे. जर्मनीतल्या लाइपझिगच्या टाउख्निट्झ या प्रकाशकाची कागदी वेष्टनातली इंग्रजी पुस्तकमाला १८४१ पासूनची, तिथल्याच रेक्लामची जर्मन पुस्तकमाला १८६७ पासूनची. दर वेळी पेंग्विनपासून सुरुवात करण्याचा कंटाळा आलाय.

पातळ_पुठ्ठा:
‘काढली’ म्हटलं, ‘शोधली’ नाही. पण बरं वाटलं असेल तर असू दे.

फर्मा_सोळा:
बाइंडिंगमध्ये हयात गेली म्हणून बोलतो. ‘चिकटवलेलं’ म्हणजे वाईटच, हेही खरं नाही. नेहमीचा हॉट मेल्ट, म्हणजे वितळवून लावायचा ग्लू, उष्णतेनं मऊ पडतो, थंडीत आणि वयानं कडक होतो. मग पुस्तक पुरतं उघडलं की कडकन आवाज, आणि पानं सुट्टी. पीयूआर (पॉलीयुरेथेन) ग्लू पातळ थरात लागतो, लवचिक राहतो, पानाला जास्त घट्ट धरतो. पण पक्का व्हायला साधारण एक दिवस लागतो, आणि घाई कुणाला नसते?

हार्डकव्हरवाल्यांसाठीही एक. जाडजूड पुस्तक वर्षानुवर्षं उभं ठेवलं की पुठ्ठे फळीवर टेकतात आणि आतला गठ्ठा अधांतरी लोंबतो. शेवटी सांध्यापाशी फाटतो. मोठे ग्रंथ आडवे ठेवा. आणि काढताना कण्याच्या टोकात बोट घालून ओढू नका. आजूबाजूची दोन पुस्तकं आत ढकला आणि मधलं कमरेला धरून काढा.

नीटनेटकी:
एवढा काथ्याकूट कशाला? मी प्रत्येक पेपरबॅकला प्लास्टिकचं कव्हर घालते, कडा आतून टेपनं चिकटवते, फाटलं पान टेपनं जोडते. प्रश्न मिटला.

फर्मा_सोळा:
टेप??

फर्मा_सोळा:
ताई, हात जोडतो. टेपचा चिकटा आधी पसरतो, मग कागदात मुरतो, मग तपकिरी होतो. वरची पट्टी वाळून गळून पडते आणि डाग राहतो तो पुस्तकाबरोबरच जातो. फाटलं पान जोडायचं तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. पुढेमागे पाण्यानं सोडवता येते.

नीटनेटकी:
ताई म्हणून शिकवू नका. माझ्या घरात मुलं पुस्तकं वाचतात, पाडतात, उशाखाली घेऊन झोपतात. रात्री दहा वाजता पान फाटलं की जपानी कागद कुठून आणू? तुमची पुस्तकं शिस्तीत आहेत कारण ती कुणी उघडत नाही.

जाड_पुठ्ठा:
हे मात्र बरोबर बोललात.

फर्मा_सोळा:
मी लोकांची टेप लावलेली पुस्तकं दुरुस्त करून पोट भरलं, मला ‘उघडत नाही’ सांगताय? शिवाय खळीला कसर लागते, तेव्हा ती जपून वापरावी लागते, हेही सांगणार होतो. आता नाही सांगत.

तळटीप:
सांगितलंत की.

न_परतलेलं_पुस्तक:
कव्हर, टेप, डाग... पुस्तक घरात असेल तर ना! मी जॅकेटसकट (पुठ्ठ्यावरच्या सुट्या कागदी वेष्टनासकट) दिलेलं हार्डकव्हर जॅकेटशिवाय परत आलं. ‘ते कागदाचं होय? फाटलं, टाकून दिलं.’ तेव्हापासून देताना जॅकेट काढून ठेवते. कपाटात आता नुसती जॅकेटं आहेत.

पातळ_पुठ्ठा:
पेपरबॅक द्या, जॅकेटच नसतं.

न_परतलेलं_पुस्तक:
पेपरबॅक तर परतच येत नाही.

पिवळं_पान:
इतकं झालं, कागदावर कुणी बोलेना. लाकडाच्या लगद्यात लिग्निन (लाकडातलाच एक घटक) राहिलं की उजेडात पान पिवळं पडतं. त्यात शाई पसरू नये म्हणून केलेलं तुरटी-राळेचं सायझिंग म्हणजे आम्ल, त्यानं कागद ठिसूळ होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून असा कागद सर्रास वापरला गेला, उत्तम कापडी बांधणीतसुद्धा. माझ्याकडचं एक पुस्तक, बांधणी भक्कम, शिलाई शाबूत, पान उलटलं की कोपरा हातात येतो. घेताना आम्लमुक्त कागद आहे का बघा, कुठे आयएसओ ९७०६ (टिकाऊ कागदाचं आंतरराष्ट्रीय मानक) छापलेलं असेल तर उत्तम. आणि कपाट उन्हापासून दूर.

जाड_पुठ्ठा:
ठीक. शिवलेलं पेपरबॅक चिकटवलेल्या हार्डकव्हरपेक्षा सरस, केलं मान्य. आता तुमच्या कपाटातली शिवलेली पेपरबॅकं मोजून सांगा. वाट बघतो.

पातळ_पुठ्ठा:
आहेत काही.

जाड_पुठ्ठा:
‘काही’ म्हणजे?

पातळ_पुठ्ठा:
कोश आणि कवितासंग्रह हार्डकव्हरच घ्यावेत, हे मी कधीच नाकारलं नव्हतं. पुन्हा पुन्हा उघडायचं ते शिवलेलं, एकदा वाचून पुढे द्यायचं ते हलकं.

जाड_पुठ्ठा:
पहिल्या पोस्टमध्ये हे वाक्य कुठेय ते दाखवा.

नीटनेटकी:
भांडण संपलं असेल तर एक विचारू? आधीच लावलेली टेप काढायची कशी?

फर्मा_सोळा:
ओढू नका, वरची छपाई सोलून निघेल. जुनी असेल तर हातच लावू नका, जाणकाराला दाखवा.

नीटनेटकी:
म्हणजे आहे तशीच राहू देऊ.

फर्मा_सोळा:
तूर्तास, हो.

नीटनेटकी:
तेच तर करत होते.