‘पेटी’ आणि ‘खोका’ बातमीच्या भाषेत असावेत का?

मूळ मुद्दा (लेखक : जुना मुद्रितशोधक)

लाखाला ‘पेटी’ आणि कोटीला ‘खोका’ म्हणण्याची रीत मुंबईच्या हवाला आणि खंडणीच्या व्यवहारांत मुरलेली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी, शिंदे गटाच्या आमदारांनी बंडासाठी पन्नास-पन्नास कोटी घेतल्याचा आरोप करत, ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा दिली आणि तेव्हापासून हे शब्द अग्रलेखांत व मथळ्यांत अवतरणचिन्हांशिवाय वावरू लागले. माझा आक्षेप शब्दांच्या कुळाला नाही. पन्नास कोटी रुपये म्हटले की सामान्य माणूस क्षणभर तरी थबकतो, पण पन्नास खोके म्हटले की त्याला हसू येते, आणि आरोप खरा असो वा खोटा, त्याचे गांभीर्य तिथेच ओसरते. बातमीत रक्कम आकड्यांत आणि रुपयांतच लिहावी.

प्रतिसाद (सोळा आणे)

मला हे पटत नाही. पैशाला बोलीत टोपणनावे देणे ही आपली जुनी खोड आहे. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली आणि वर बंदा रुपया! १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि चवलीचा हिशेब साडेबारा पैशांवर अडकला, म्हणून ती व्यवहारातून गेली. पावली मात्र पंचवीस पैशांत चपखल बसली आणि ३० जून २०११ नंतर ते नाणे बंद झाले तरी ‘चाराण्याची कोंबडी, बाराण्याचा मसाला’ आपण आजही बिनदिक्कत म्हणतो. शिवाय त्या घोषणेने ‘खोका’ लपवला नाही, उलट चव्हाट्यावर आणला. जो शब्द दोघांपुरता होता तो शाळकरी पोरांनाही कळू लागला, म्हणजे त्याची गुप्तता संपलीच की.

उत्तर (जुना मुद्रितशोधक)

पावली हे टांकसाळीतून निघालेल्या नाण्याचे उघड नाव होते, वाणी आणि गिऱ्हाईक दोघांनाही सारखेच ठाऊक असलेले. पेटीचे काम नेमके उलटे आहे. बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवतात तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काही कळू नये हाच त्यामागचा हेतू असतो, आणि पेटी-खोक्याची जात तीच आहे. (हवाल्यात तर दहाच्या नोटेचा क्रमांकच पावतीचे काम करतो; ती नोट दाखवली की रक्कम मिळते.)

प्रतिसाद (रोकडवही)

दोघांनीही नोटांचा आकार लक्षात घेतलेला नाही. जानेवारी १९७८ मध्ये हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हापासून १९८७ मध्ये पाचशेची नोट येईपर्यंत शंभराची नोट हीच सर्वांत मोठी होती. म्हणजे एक कोटी म्हणजे शंभर-शंभर नोटांची एक हजार बंडले. त्या ढिगाला खोका हे नाव शोभत होते. आज पाचशेच्या नोटांत एक लाख म्हणजे अवघी दोन बंडले, जी सदऱ्याच्या खिशात मावतात, तरी आपण त्यांना पेटीच म्हणतो. रंगावरून पडलेली नावे याहून अल्पजीवी ठरतात. २०१६ च्या नोटाबंदीनंतर आलेली दोन हजारांची ‘गुलाबी’ मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेण्याचे जाहीर झाले आणि तिचे नावही मागे पडले. तेव्हा बंदी घालण्याची घाई कशाला?

उत्तर (जुना मुद्रितशोधक)

बंदी मी मागितलेलीच नाही. घोषणा उद्धृत करताना ‘खोके’ अवतरणात जरूर यावेत, पण वार्ताहराच्या स्वतःच्या वाक्यात कोटीच लिहावे.

प्रतिसाद (सोळा आणे)

अवतरणाला माझी हरकत नाही. मात्र मग ‘चिरीमिरी’, ‘चहापाणी’ आणि ‘पाकीट’ या शब्दांनाही तीच शिस्त लावा आणि सरळ ‘लाच’ लिहा. ते शब्द आपण इतकी वर्षे बातम्यांत खपवून घेतले, ते केवळ रक्कम लहान होती म्हणून.