गच्चीवरची सौरवीज आणि रात्री चार्ज होणाऱ्या गाड्या : सोसायटीने काय करावे?

प्रश्न (सिंहगड रस्ता, पुणे)
आमच्या ४८ सदनिकांच्या सोसायटीने गच्चीवर २५ किलोवॉटची सौर पॅनेल बसवायचे ठरवले असून, त्याच वेळी पार्किंगमध्ये विजेच्या गाड्यांसाठी सामायिक चार्जिंगची सोय करावी, असा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. सध्या सहा सभासदांकडे अशा गाड्या आहेत. अडचण अशी, की ऊन दिवसा असते आणि गाड्या रात्री दहानंतर चार्जिंगला लागतात. नेट मीटरिंगमुळे (दिवसा ग्रिडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला, दिलेली वीज आपल्या वापरातून वजा होते) बिलाचा हिशेब जुळेल हे मला ठाऊक आहे. परंतु गाडी खरोखरच उन्हाच्या विजेवर चालावी, असे वाटत असेल तर काय करावे?

उत्तर (निवृत्त वीज अभियंता)
आपण नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवले आहे. महाराष्ट्रात एक किलोवॉटची पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतात, म्हणजे आपल्याला १०० युनिट मिळतील. आषाढ-श्रावणात मात्र हा आकडा बराच खाली येतो. रोज ४० किलोमीटर धावणाऱ्या मध्यम आकाराच्या गाडीला ६-७ युनिट पुरतात, तेव्हा सहा गाड्यांना सुमारे ४० युनिट लागतील. वीज पुरेशी आहे, वेळ जुळत नाही. दिवसा आपण ग्रिडला दिलेली वीज त्याच क्षणी दुसरीकडे वापरली जाते आणि रात्री आपल्या गाडीत येणारी वीज मुख्यतः चंद्रपूर, कोराडी यांसारख्या कोळशावरच्या केंद्रांतली असते.

डेन्मार्कमध्ये हे गणित उलटे आहे. विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंग आणि बॅटरी बदलून देण्याची सोय उभारणाऱ्या, शाई आगासी या उद्योजकाने २००७ मध्ये स्थापन केलेल्या ‘बेटर प्लेस’ कंपनीने इस्रायलबरोबर तो देशही निवडला, कारण तिथे रात्री वाऱ्यापासून तयार होणारी जादा वीज गाड्यांच्या बॅटऱ्यांत साठवता येईल, असा विचार होता. गाड्या पुरेशा खपल्या नाहीत आणि २०१३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, पण वारा असेल तेव्हा चार्ज करावे हे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही. आपल्याकडे ती वेळ सकाळी दहा ते दुपारी चार.

उत्तर (सोसायटीचे सचिव, नाशिक)
दुपारी गाडी कचेरीत असते, हा आक्षेप आमच्याही सभेत आला होता. परंतु ३० युनिटांची बॅटरी असलेली गाडी प्रत्यक्षात २०० किलोमीटरच्या आसपास चालते. ती मोबाइलसारखी रोज रात्री लावण्याची गरजच नसते. आम्ही ७.२ किलोवॉटचे दोन चार्जर बसवून पाच गाड्यांना शनिवार-रविवारच्या दुपारच्या पाळ्या वाटून दिल्या आहेत, आणि घरून काम करणारे सभासद मधल्या वारी येतात.

एक कळकळीची विनंती : कुणालाही आपापल्या मीटरवरून वायर ओढू देऊ नका. आमच्याकडे एका सभासदाने बारीक वायरवर १५ अँपिअरचा सॉकेट लावून घेतला होता. मे महिन्यात तो वितळून काळा पडला आणि प्लग निघेना. मीटर रूमपासून स्वतंत्र केबल, अर्थिंग, प्रत्येक चार्जरला वेगळा एमसीबी (भार जास्त झाल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) आणि सब-मीटर, एवढे आधी करून घ्या.

उत्तर (नागपूर)
२०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक सोयींसाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे आणि त्यात गाड्यांचे चार्जिंगही धरलेले आहे. मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्ज महावितरणकडे आत्ताच द्यावा.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. पाळ्यांचे वेळापत्रक मी प्रस्तावाला जोडतो. पाण्याचा पंप आम्ही पहाटे पाचला लावतो; तोही अकराला लावावा, असे आता सुचवणार आहे.