मदत हवी आहे: भीती ‘असू द्या’ म्हणजे नेमकं करायचं काय?

जाईजुई: नमस्कार मंडळी. ठाण्यात राहते, ऑफिस फोर्टला. मागच्या पावसाळ्यात लोकल विक्रोळीजवळ अडकून पडली होती, तेव्हा पहिल्यांदा पॅनिक अटॅक आला. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, ‘आता काही आपण वाचत नाही’ अशी खात्रीच. ईसीजी, थायरॉईड सगळं नॉर्मल. मानसोपचारतज्ज्ञांनी एसिटॅलोप्रॅम (अस्वस्थता-नैराश्यावरची रोजची गोळी) दिलं. झोप लागायला लागली, दिवसभराची घालमेलही कमी झाली. पण फास्ट लोकलमध्ये पाय ठेववत नाही. स्लोने जाते, कारण तिथे निदान दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन तरी येतं. दाराजवळच उभी राहते, त्यावरून बायकांची बोलणी खाते. पर्समध्ये पाण्याची बाटली आणि एसओएस (अगदीच गरज पडली तर घ्यायची) गोळी असतेच.

आता थेरपीही सुरू केली आहे. मॅडम म्हणतात, भीतीला हाकलू नका, असू द्या, श्वासाकडे नुसतं बघा. अहो, श्वासाकडे बघितलं की तो अडकल्यासारखाच वाटतो! आणि ‘बरं बाई, राहा’ म्हणून पाहिलं तरी ती जात नाही. मग उपयोग काय? सासूबाईंचं म्हणणं इगतपुरीला विपश्यनेच्या ध्यान शिबिराला दहा दिवस जाऊन ये, एकदाचं सगळं मिटेल. नवरा म्हणतो ध्यान करतेस तर गोळ्या बंद कर. डोकं भणाणलंय. अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

कडूकारलं: समुपदेशनाचं काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तुमच्या मॅडमना डावलून काही करू नका. हे प्रश्न असेच्या असे त्यांच्यापुढे ठेवा.

श्वासाचं आधी. पॅनिकमध्ये माणूस शरीरावर पहारा ठेवून असतो. छातीत जरा धडधडलं की ‘हार्ट अटॅक’, त्या धास्तीने आणखी धडधड, की आणखी धास्ती. हे चक्र मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये नीट मांडलं. तुम्ही श्वास ‘बघत’ नसाल, तपासत असाल. बऱ्याच जणांचं असं होतं, आणि त्यावर उपाय आहे. सुरुवातीला श्वास सोडून द्या. डोळे उघडे ठेवा, तळव्यांना चपलेचा स्पर्श, हाताला दांड्याचा गारवा, पंख्याची घरघर यांच्याकडे लक्ष न्या. लक्ष पळालं की परत आणा. शंभरदा पळेल, तो सरावाचाच भाग आहे.

दुसरं, ‘राहा’ म्हणून लगेच ‘गेली का?’ बघताय ना? ते हाकलणंच झालं, फक्त गोड आवाजात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये एक प्रयोग केला होता. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. म्हणून स्टीव्हन हेज यांच्या ‘अ‍ॅक्ट’ (अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी) पद्धतीत भीती किती उतरली याच्यापेक्षा ती सोबत असताना तुम्ही काय करू शकलात, हे जास्त पाहतात. तुमच्यासाठी ते म्हणजे फास्ट लोकल. भीती धरून चढायचं, धडधड वाढते ती वाढू द्यायची, मध्येच उतरायचं नाही. ती चढते तशी उतरतेही, हे पुस्तकात वाचून पटत नाही, डब्यातच कळतं. पण ट्रेन टाळत राहून घरी बसून कितीही ‘स्वीकार’ केलात तरी शष्प फायदा नाही.

तळटीप: वरच्या प्रतिसादाला +१. विपश्यनेचं सांगते, मी इगतपुरीच्या केंद्रात, धम्मगिरीला, जाऊन आलेय. शिबिर चांगलं आहे, पण दहा दिवस मौन, रोज दहा-एक तास बैठक, आणि भीती उसळली तर जवळ आपला डॉक्टर नाही. फॉर्ममध्ये मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात, ते लपवून जाऊ नका. तुमच्या सध्याच्या अवस्थेत तरी नकोच. सासूबाईंना सांगा, बरं वाटलं की दोघी जाऊ.

थेरपीतलं माइंडफुलनेस (जे चाललंय ते नुसतं बघत राहणं) त्याच बौद्ध परंपरेतून आलंय खरं, पण बेताबेताने दिलं जातं. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला कार्यक्रम आठ आठवड्यांचा असतो: आठवड्याला एक वर्ग आणि रोजचा गृहपाठ.

आणि नवरोबांसाठी: याच कार्यक्रमाची तुलना एसिटॅलोप्रॅमशी झाली आहे, 2022 मध्ये ‘जामा सायकिअ‍ॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. अस्वस्थतेचे विकार असलेले 276 लोक होते, पॅनिकवालेही. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांना साधारण सारखाच फरक पडला. पण सुरू असलेली गोळी बंद करा, असं त्यात कुठेही नाही. मनाने एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं होतं, आणि तुम्ही समजाल पॅनिक परत आलं. डॉक्टरच हळूहळू कमी करतील. नवऱ्याला पुढच्या अपॉइंटमेंटला सोबत न्याच.

जाईजुई: दोघांचे खूप आभार. ‘गेली का?’ वाचून हसूच आलं, अगदी तेच करते! पण मग बाटलीही घरी ठेवायची का?

कडूकारलं: तहान लागली तर पाणी प्या की! ‘ही नसेल तर मरेन’ म्हणून घट्ट धरलेली बाटली तेवढी सोडायची, तीही मॅडमशी ठरवून, एकेक करत. आधी दारापासून आत सरका. गोळीचा निर्णय डॉक्टरांचा. रात्री-अपरात्री फारच जड गेलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

जाईजुई: नंबर सेव्ह केला. मॅडम हो म्हणाल्या तर रविवारी ठाणे ते घाटकोपर फास्टने जाऊन बघते, गर्दी कमी असते.

तळटीप: रविवारी मेगाब्लॉक बघून निघा हो. फास्ट गाड्या स्लो ट्रॅकवर वळवतात, फुकट पास व्हाल!