विहीर माझी, पाणी कोणाचं? सामाईक उपशावर मर्यादा हवी का?

ओंजळ:
उन्हाळ्यात शेजारच्या बोअरची मोटर सुरू झाली तेव्हा मी आमच्या विहिरीत टेप सोडून बसलो होतो. तीन तासांत पाणी हातभर उतरलं. मोटर थांबल्यावर हळूहळू चढलं, पण सकाळच्या खुणेपर्यंत काही आलं नाही. शेजाऱ्याचा दोष नाही. त्याच्या आणि माझ्या जमिनीखाली भेगाळलेला थर एकच आहे.

म्हणून एका जलधरावरच्या, म्हणजे जमिनीखाली पाणी धरून ठेवणाऱ्या एका थरावरच्या, सगळ्या विहिरींचा मिळून वर्षाचा उपसा ठरवावा आणि मोटरींना मीटर बसवावेत, असं माझं मत आहे. १८४३ साली इंग्लंडात ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल खटल्यात एका खाणीमुळे गिरणीची विहीर आटली होती. निकाल खाणवाल्याच्या बाजूने लागला: ज्याची जमीन त्याचं पाणी. वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं याचा नियम फ्रेंच अभियंता डार्सीने मांडला तो १८५६ मध्ये. जमिनीखालचं पाणी कसं चालतं हे कळण्याआधीचा न्याय आपण अजून का धरून बसलोय?

कोरडवाहू:
साफ अमान्य. मी कर्ज काढून तीन बोअर मारले, दोन कोरडे गेले. त्या दोन्हींचे हप्ते मी एकटा फेडतोय, तेव्हा सामाईक म्हणायला कोणी आलं नाही. तिसऱ्याला पाणी लागल्यावर ते सगळ्यांचं कसं झालं? आणि मीटर वाचणार कोण? मोठ्यांचे बंद पडतील, लहानांचे तेवढे चालू राहतील.

झिरपा:
उपशावरून भांडण्यापेक्षा पाणी जिरवा. चर खणा, बंधाऱ्यातला गाळ काढा. येवा वाढला की वाद राहणारच नाही.

ओंजळ:
@झिरपा, पाणी जिरवायलाच हवं. पण कठीण खडकात साठा फार थोडा. शंभर घनमीटर खडकातून निथळून मिळणारं पाणी अनेकदा दोन-तीन घनमीटर, वाळूच्या थरात त्याच्या कितीतरी पट. तुम्ही जिरवलेलं पाणी ज्याचा बोअर खोल तो आधी ओढतो. बंधाऱ्यावर घाम गाळणाऱ्याची विहीर माघातच तळ दाखवते, हे मला फार लागतं.

@कोरडवाहू, कोरड्या बोअरचा मुद्दा मी धरलाच नव्हता. तुमचं बरोबर आहे, तो भार वाटून घ्यायला हवा. मीटरबद्दल मात्र एक उदाहरण देतो. अमेरिकेत कॅन्ससच्या शेरिडन-६ भागात शेतकऱ्यांनी स्वतःच पाच वर्षांत उपसा २० टक्के कमी करायचं ठरवलं. २०१३ पासून ते अमलात आलं. कपात ठरल्यापेक्षा जास्तच झाली. मका कमी करून त्यांनी ज्वारी-गव्हाकडे मोर्चा वळवला.

तळठाव:
त्याच कॅन्ससमधलं दुसरंही सांगा. कमी पाण्यात भिजवणारी सुधारित यंत्रं अनुदानावर आली, तरी पश्चिम भागात एकूण उपसा घटला नाही, उलट वाढला. वाचलेलं पाणी जास्त तहानेल्या पिकाला आणि वाढीव क्षेत्राला गेलं. एकूण मर्यादा नसेल तर ठिबकने जलधर वाचत नाही.

कोरडवाहू:
तिथे हक्क आधीपासून नोंदलेले होते, मीटर बसलेले होते, शेतं प्रचंड. त्यांचे २० टक्के म्हणजे थोडी कमी मका. माझे २० टक्के म्हणजे शेवटच्या दोन पाळ्या, आणि दाणा भरतो तो त्याच दोन पाळ्यांत. शिवाय तिथे पातळी घसरायची थांबली नाही, घसरण मंदावली.

तरी आकड्यांना माझी ना नाही. पहिली दोन वर्षं नुसतं मोजा, कपात नको. सुरुवात सर्वांत मोठ्या मोटरीपासून करा आणि प्रत्येकाचा आकडा उघड्यावर लावा. वाटा ठरवायचा तर घरामागे ठरवा, मोटरीमागे नाही. ज्याच्या पाच मोटरी त्याला पाच वाटे मिळणार असतील तर मी सहीच करणार नाही.

ओंजळ:
घरामागे वाटा मला पटतो. नुसत्या मोजणीची दोन वर्षं पटत नाहीत. मर्यादा येणार ही कुणकुण लागली की त्या दोन वर्षांत जो तो नवा बोअर पाडून घेईल. मोजणी सुरू होईल त्याच दिवशी नवे बोअर थांबवा, मग तुमच्या दोन वर्षांना माझा होकार.