मदत हवी आहे: बोटीच्या तळाचा जुना रंग खरवडताना

नमस्कार मंडळी. आम्ही वर्सोव्याचे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोट वर ओढली की तळाचा लाल रंग खरवडून नवा मारायचा, हे बाबांच्या वेळेपासून चालत आलंय. यंदा ती लाल पूड पावसाच्या पाण्याबरोबर सरळ खाडीत जाताना पाहिली आणि पोटात गोळा आला. त्याच खाडीतून आई कालवं काढून आणते!

वाचलं ते असं: तळाला शेवाळ, कालवं धरू नयेत म्हणून या रंगात तांब्याचा ऑक्साइड असतो, तो हळूहळू पाण्यात सुटतो. पूर्वी अशा रंगात टीबीटी (ट्रायब्युटाइल टिन) हे कथिलाचं विषारी रसायन असायचं, त्यामुळे तर शंखांच्या माद्यांना नराचे अवयव फुटले; २००८ पासून त्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे. पण आमच्या डब्यावरचं लेबल निम्मं पुसलेलं, आणि दुकानदार म्हणतो, 'सगळे हाच नेतात.'

ताडपत्री अंथरून पूड गोळा केली आहे का कोणी? मग ती टाकायची कुठे? कालवं आणि गाळ मुंबईत कुठे तपासून मिळेल? एकाने सिलिकॉनचा रंग सुचवला, पण तो वेगात धावणाऱ्या बोटींना बरा. आमची निम्मा वेळ उभीच. आणि आईला आत्ताच थांबवू का?