पारोळ्याला गाडी लागली, समोरचा उद्या संध्याकाळपर्यंत पैसे मागतोय – मदत हवी आहे

बोरीकाठ (रात्री ९:४०)
घाईत लिहितोय. काल दुपारी पारोळ्याजवळ पेट्रोल पंपातून हायवेवर निघताना आमची गाडी एका पांढऱ्या सेडानच्या मागच्या डाव्या दाराला लागली. दार आत गेलंय, त्यामागच्या पत्र्यावरही ओरखडा आहे. आमचा पुढचा बंपर फुटला. समोरचा माणूस धुळ्याचा. जागेवर बोलणं झालं की पोलीस, इन्शुरन्स काही नको, आपसात मिटवू. आज त्याने शोरूमचं एस्टिमेट व्हॉट्सॲपवर पाठवलं, ३४,५०० रुपये. नवीन दार टाकणार म्हणतो. उद्या संध्याकाळपर्यंत रोख द्या, नाहीतर स्टेशनला जातो.
एवढे पैसे द्यायचे का? की इन्शुरन्सला टाकू? लवकर सांगा.

पाचोरा_जंक्शन
भाऊ, निम्मी गोष्ट तुमच्याकडेच राहिली. चूक कोणाची? गाडी कोण चालवत होतं? दोन्ही गाड्यांचा विमा चालू आहे का, फुल की नुसता थर्ड पार्टी? कोणाला लागलं का? हे कळल्याशिवाय इथे कोणीही सांगेल ते अंदाजाने सांगेल.

चोपडेकर_आप्पा
दार आत गेलं म्हणजे नवीन दार लागतं असं शोरूमवालेच सांगतात. मी स्वतः मागच्या दिवाळीत जळगावला अजिंठा चौफुलीजवळच्या डेंटरकडे असंच दार काढून घेतलं. आतलं पॅड काढलं, पत्रा ठोकून बाहेर घेतला, पुट्टी, प्रायमर, रंग, सगळं ७,००० मध्ये. दोन दिवसांत गाडी हातात. आज कोणाला दाखवून सांगता येत नाही कुठे लागली होती ते. त्याला म्हणा, गाडी घेऊन या, माझ्या खर्चाने करून देतो. रोख हातात देऊच नका. रोख घेतली की तो दार तसंच ठेवेल आणि पैसे खिशात.

बोरीकाठ
फोटोत दाराची कड पण वाकलेली दिसते आप्पा, ठोकून निघेल का?
चूक आमचीच म्हणावी लागेल, तो सरळ येत होता. आमची गाडी २०१९ची, १२०० सीसी, फुल इन्शुरन्स, आजवर एकही क्लेम नाही. रिन्युअल वीस दिवसांवर आलंय. त्याची गाडी साडेतीन वर्षांची, फुल इन्शुरन्स आहे असं तोच म्हणाला.

विमावाला_भुसावळ
मी गेली अकरा वर्षं हेच काम करतो, म्हणून आकड्यांत सांगतो.
आधी तुमची बाजू. पाच वर्षं क्लेम नाही म्हणजे तुमचा एनसीबी (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सवलत) ५० टक्के. बंपर प्लास्टिकचा, प्लास्टिकवर घसारा (जुनेपणाची कपात) ५० टक्के. समजा बंपर ४,८०० चा, त्यातले २,४०० गेले. १,००० कंपल्सरी कपात गेली (१५०० सीसीपर्यंत एवढीच असते). कंपनीकडून हातात आले १,४००. त्यासाठी ५० टक्के सवलत घालवायची, तीही रिन्युअलच्या तोंडावर. स्वतःचा क्लेम करू नका.
आता त्याची बाजू. त्याच्या दाराचा खर्च तुमच्या पॉलिसीतून सरळ मिळत नाही. थर्ड पार्टीत मालमत्तेच्या नुकसानीला ७.५ लाखांपर्यंत कव्हर असतं, पण ते मागायला मोटार अपघात दाव्यांच्या ट्रिब्युनलपर्यंत जावं लागतं, दारासाठी कोणी जात नाही. तो दार स्वतःच्या पॉलिसीतून करून घेऊ शकतो. मग त्याचं खरं नुकसान किती? १,००० कपात. झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) नसेल तर पत्र्यावर घसारा, चौथ्या वर्षात २५ टक्के. आणि गेलेला एनसीबी.
इथेच लोक चुकतात, एकाच वर्षाचा धरतात. त्याला पुढच्या रिन्युअलला ४५ टक्के मिळाले असते, मिळतील शून्य. पुढे ५० ऐवजी २०, मग २५, मग ३५, मग ४५. फरक मोजा: ४५, ३०, २५, १५, ५, बेरीज १२० टक्के. म्हणजे एका वर्षाच्या ओन डॅमेज (ओडी, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमपेक्षाही थोडं जास्त, पाच वर्षांत पसरलेलं. प्रीमियम दरवर्षी उतरतो म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. त्याचा ओडी १०-१२ हजार असेल तर त्याचं नुकसान साधारण १२ ते १५ हजारांच्या घरात, घसारा वेगळा.
तेव्हा ३४,५०० देणं बरोबर नाही, आणि दोन-तीन हजारांत बोळवण करणंही बरोबर नाही.

चोपडेकर_आप्पा
साहेब, एवढा हिशोब तो धुळ्याचा माणूस ऐकून घेणार आहे का? आठ हजारांत दार सरळ होतंय. तुम्ही विमावाले गोष्ट कागदावर नेता आणि माणूस अडकतो.

विमावाला_भुसावळ
आप्पा, हिशोब त्याला वाचून दाखवायचा नाही, आपण कुठपर्यंत जायचं हे आपल्याला माहीत पाहिजे म्हणून सांगितला. डेंटिंगला माझा विरोध नाही. पण दाराची कड वाकली असेल तर रबर नीट बसत नाही, पावसाळ्यात पाणी आत येतं. मग सहा महिन्यांनी तो परत फोन करेल, तेव्हा तुमचा डेंटर ऐकेल का?

चोपडेकर_आप्पा
कड पण निघते. माणूस कारागीर पाहिजे.

सावदा_केळी
त्या पट्ट्यात पंपातून निघणं खरंच कठीण आहे. कापसाच्या हंगामात तर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, मागे साधा रिफ्लेक्टर नाही. आमच्याकडे रावेर-सावद्याला केळीचे ट्रक रात्रभर रस्त्याच्या कडेला उभे. माझ्या चुलतभावाची मोटारसायकल अशाच उभ्या ट्रकवर गेली, वाचला तो नशिबाने. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायची सक्ती जिनिंगच्या गेटवरच केली पाहिजे, वजनकाट्यावर चढण्याआधी.

पाचोरा_जंक्शन
बरोबर आहे सावदा भाऊ, पण वेगळा धागा काढा.
बोरीकाठ, मी दोन प्रश्न विचारले होते त्यांचं उत्तर आलं नाही. चालवत कोण होतं, आणि कोणाला लागलं का?

तापी_एक्स्प्रेस
गाडी विकून नवीन घेणार असाल तर जुन्या कंपनीकडून एनसीबीचं सर्टिफिकेट मागून घ्या. सवलत गाडीची नसते, मालकाची असते, नव्या गाडीला लावता येते. तीन वर्षं चालतं. बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

बोरीकाठ
गाडी विकायची नाहीये.
पुतण्या चालवत होता. १९ वर्षांचा आहे, लर्निंग लायसन्स आहे. मी शेजारी बसलेलो होतो, माझं लायसन्स पक्कं आहे. मागे शिकाऊचा एल लावलेला नव्हता, पुढे होता. घरी वहिनीला अजून सांगितलेलं नाही, म्हणूनच मिटवायची घाई होती.
आणि जागेवर त्याने एका वहीच्या पानावर लिहून घेतलं, मी सही केली. “माझ्या चुकीमुळे अपघात झाला, गाडीचा पूर्ण खर्च देईन” असं. तेव्हा लोक जमले होते, दुसरं काही सुचलं नाही.

पांझरा_वकील
सहीबद्दल आधी. बहुतेक सगळ्या मोटार पॉलिसीत एक अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही. दारापुरतं हे चाललं तर चाललं. पण उद्या त्या गाडीतल्या कोणी दुखापतीचा दावा केला, तर तुमचीच कंपनी हे पान तुमच्यापुढे ठेवेल. “पूर्ण खर्च” हे शब्दही वाईट. कशाचा पूर्ण, कुठपर्यंत, काहीच लिहिलेलं नाही.
लर्निंगचं: शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस बसलेला पाहिजे आणि गाडीला पुढे-मागे एल पाहिजे, असा १९८९च्या केंद्रीय नियमांतला नियम ३ आहे. तुम्ही शेजारी होतात हे जमेचं. मागचा एल नव्हता ही उणीव आहे, ती लपवू नका, पण त्यावरून घाबरून ३४ हजारही देऊ नका.
आणि पाचोऱ्याच्या भाऊंनी दोनदा विचारलं, मी तिसऱ्यांदा विचारते. कोणाला लागलं का?

बोरीकाठ
त्याची आई मागच्या सीटवर होती, डाव्या बाजूलाच. मनगट धरून बसली होती. तो म्हणाला मुका मार आहे, बर्फ लावला. आज फोनवर आईचं काहीच बोलला नाही म्हणून मी इथे लिहिलं नाही.

पांझरा_वकील
भाऊ, मग दाराचं राहू द्या बाजूला. आधी आजींचं मनगट.
माणसाला लागलं असेल तर मोटार वाहन कायदा १९८८चं कलम १३४ चालकावर तीन कामं टाकतं: जखमीला उपचार मिळवून देणं, पोलिसांना कळवणं (पोलीस जागेवर नसतील तर जवळच्या स्टेशनला लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत), आणि विमा कंपनीला लेखी कळवणं. तुमचे २४ तास होऊन गेलेत. उद्या सकाळी उठून आधी ते करा.
आपसात मिटलं तरी तो कागद मुलाने केलेला असेल. आईचा हक्क आईचा आहे, मुलगा सही करून तो सोडू शकत नाही. दाव्यासाठी २०१९च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, १ एप्रिल २०२२ पासून लागू. म्हणजे आज पैसे दिले आणि विषय संपला असं होत नाही.

चोपडेकर_आप्पा
पोलिसात स्वतःहून जायचं? पोराचं लायसन्स अडकेल, चकरा मारून मारून जीव जाईल. माझ्या मेव्हण्याला दीड वर्षं तारखा पडल्या. आजीबाईंना दवाखान्यात न्या, खर्च करा, हात जोडा, माणसं ऐकतात.

पांझरा_वकील
आप्पा, दवाखान्यात न्या, खर्च करा, हात जोडा, तिन्ही बरोबर. पण न कळवता केलं तर पुढे पोरगा “लागलेल्या माणसाला सोडून गेला” या जागी उभा राहतो. चकरा कमी की जास्त हे आज ठरतं.

विमावाला_भुसावळ
कंपनीला कळवलं म्हणजे एनसीबी गेला ही भीती काढा. कळवणं वेगळं आणि स्वतःच्या गाडीचा क्लेम उचलणं वेगळं. आजच रात्री मेल टाका: पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, ठिकाण, चालवणाऱ्याचं नाव आणि लायसन्स नंबर, कोणाला लागलं. आणि पंपावर सीसीटीव्ही असेल तर सकाळी मॅनेजरला भेटा. रेकॉर्डिंग काही दिवसांनी पुसलं जातं.

पाचोरा_जंक्शन
भो, वहिनीलाही सांगून टाका. पोराला स्टेशनला न्यावं लागलं आणि तिला बाहेरून कळलं तर ते जास्त लागेल.

बोरीकाठ (सहा दिवसांनंतर)
सगळ्यांचे आभार. लिहायला उशीर झाला, वेळच मिळाला नाही.
त्या रात्रीच कंपनीला मेल केला. सकाळी वहिनीला सांगितलं, ती रडली, मग तीच आमच्यासोबत धुळ्याला आली. आजींचा एक्स-रे काढला, फ्रॅक्चर नाही, सूज आहे, पट्टा बांधलाय. एक्स-रे, डॉक्टर, औषधं मी भरली, पावत्या माझ्याकडे आहेत. आजींनी पुतण्याला जवळ बसवून घेतलं आणि आधी त्याला पाणी द्यायला लावलं. तिथून परत येताना पारोळ्याला स्टेशनला कळवलं, नोंद झाली. साहेब रागावले, उशिरा का आलात म्हणून. मागचा एल नव्हता हेही सांगितलं.
दाराचं: आप्पा, धुळ्यातच देवपूरच्या एका डेंटरने कड बघून सांगितलं, निघेल, पण रबर नवीन टाकावं लागेल. ११,२०० झाले. पैसे मी डेंटरला यूपीआयने दिले, समोरच्याच्या हातात नाही. दोन दिवस त्याला गाडी नव्हती म्हणून रिक्षाचे १,००० वेगळे दिले, ते त्याने मागितले नव्हते.
ताई, मेलमध्ये वहीच्या पानाचंही लिहिलं होतं. कंपनीने उत्तर दिलं की दाराच्या रकमेला हरकत नाही, पण चुकीची कबुली लिहू नका. तसा कागद केला, ५०० च्या स्टॅम्पवर. शंभराचा मागायला गेलो तर वेंडर म्हणाला, ऑक्टोबर २०२४ पासून बंद. कागदात लिहिलं: ही रक्कम फक्त डाव्या मागच्या दाराची आणि पत्र्याची, याच दाराचा क्लेम तो स्वतःच्या पॉलिसीतून करणार नाही, आणि वहीतलं पान रद्द. आजींच्या दुखापतीबद्दल त्यात एक शब्द नाही. ते पान त्याने माझ्यासमोर फाडलं.

पांझरा_वकील
पान फाडलं तरी फोटो त्याच्या मोबाईलमध्ये असेल. “रद्द” असं नव्या कागदात आलंय ते महत्त्वाचं. कागदावर त्याची सही आहे ना, नुसती तुमची नाही?

बोरीकाठ
दोघांची आहे. साक्षीदार म्हणून डेंटरची पण आहे.

चोपडेकर_आप्पा
११,२०० जास्त झाले. आमचा माणूस ८ मध्ये करून देत होता. पण रबर नवीन टाकलं हे बरं केलं.

विमावाला_भुसावळ
रिन्युअलचा कागद आला की ५० टक्के एनसीबी लागलाय का बघा, आणि इथे लिहा. मेलवरून कोणी क्लेम नंबर टाकला असेल तर तो क्लेम न करता बंद झाल्याचं कंपनीकडून लेखी घ्या. तोपर्यंत बंपर करू नका, आहे तसा राहू द्या.